घंटेवरचं कापड

मालवण
५ नोव्हेंबर १९५९

चिरंजीव हरिश्चंद्र,

आशीर्वाद नेहमीच्या जागी लिहिलेला नाही. पत्र पुरं झाल्यावर उरला तर खाली लिहीन.

तुमच्या साप्ताहिकाचा दिवाळी अंक पोस्टमास्तरांनी स्वतः स्टुडिओत आणून दिला. दारातूनच ओरडले, “आनंदीबाय, पेढे काढा! भावान नाव काढल्यान!” मी त्यांना चहा पाजला, ते गेल्यावर दार लोटलं आणि अंक उघडला. ‘दक्षिण कोकणातील जुन्या खुणा’. आठ फोटो आणि प्रत्येकाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘छाया : हरिश्चंद्र गावकर’. आठच्या आठ माझे. आईने तुझं नाव हरिश्चंद्र ठेवलं तेव्हा तिची फार मोठी फसवणूक झाली.

गणपतीला आलास तेव्हा निगेटिव्हचा पत्र्याचा डबा घेऊन गेलास. “मुंबयत बरे प्रिंट काढून आणतंय गो बाय, हयचा पाणी बरा नाय,” असं म्हणालास. मी डब्याला फडकं गुंडाळून दिलं आणि वर वाटेत खायला खाजं बांधून दिलं. मूर्ख मी.

आरोंद्याचा फोटो तुम्ही पानभर छापला आहे. संस्थानच्या वेळची जकात नाक्याची पाटी. त्याच्याखाली लिहिलं आहे, ‘आमच्या छायाचित्रकाराने सरहद्दीवरील पोलिसांचा ससेमिरा चुकवून जिवावर उदार होऊन टिपलेले दृश्य’. हरिश्चंद्रा, जीव माझा होता रे. रंगारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला होता. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांब बाबा, मग खुशाल पूस. तो खाली उतरून पान खात बसला. फोटो झाला आणि पोलिसाने मला धरलं. बाईमाणूस, एकटी, गळ्यात कॅमेरा आणि खाडीपलीकडे पोर्तुगीज. दोन तास बाकावर बसवून ठेवलं. “कोणी पाठवलं तुम्हांला?” हे त्याने निदान वीस वेळा विचारलं. त्याच आठवड्यात तू मुंबईहून लिहिलं होतंस की ताप आहे, गादीवरून उठवत नाही. ते कार्ड माझ्याकडे आहे.

किल्ल्याच्या तटाचा फोटो मी ओहोटीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून काढला. होडीवाल्या बाबलीने माझा पदर होडीच्या खुंटाला बांधला होता, मी वाहून जाऊ नये म्हणून. कुणकेश्वरला दोन दिवस वाळूत बसले, कारण आभाळ नुसतं पांढरं होतं. सावंतवाडीच्या खेळणीवाल्याची ती कोरलेली लाकडी पाटी, जिच्यातलं एक अक्षर गळून पडलं आहे, ती त्याने माझ्यासाठी पुसून दिली आणि वर मला एक लाकडी कैरी दिली. तू यातल्या कुठल्या ठिकाणी होतास ते सांग.

पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापून आण. ही छायाचित्रे आनंदी गंगाराम गावकर यांनी काढली आहेत. एवढंच. मला दुसरं काही नको.

आशीर्वाद उरला नाही.

आनंदी

*

मालवण
३० नोव्हेंबर १९५९

चि. हरिश्चंद्र,

तुझं उत्तर मिळालं. साडेतीन ओळी आणि एक पातळ. पातळ इतकं तलम आहे की डार्करूमच्या दाराला पडदा म्हणूनही चालणार नाही, सगळा उजेड आत येईल. परत पाठवते आहे.

बाईमाणसाचं नाव छापलं तर लोक विचारतील, ही एकटी कुठे कुठे भटकते. माझ्याच भल्यासाठी तू ते टाळलंस. माझ्या लग्नाची तुला काळजी आहे. हरिश्चंद्रा, मी चौतीस वर्षांची आहे. ही काळजी तुला यंदाच्या दिवाळीत एकाएकी लागली का? आणि शेवटी लिहितोस, ‘गावकर हेच नाव छापलं ना, घरातच राहिलं.’ मग संपादकांना सांग, पुढच्या वेळी नुसतं ‘गावकर’ छापा. तेवढं धाडस कर.

मी त्यांना थेट लिहिलं होतं. छापील कागदावर फार सभ्य उत्तर आलं. ‘आपण बंधूंना डार्करूममध्ये मदत करता हे त्यांनी आम्हांस आवर्जून सांगितले आहे. अशा भगिनी विरळा.’

मदत! बाबांचे डोळे काचबिंदूने गेले ते बावन्न सालीच. तेव्हापासून लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, मेलेल्या म्हाताऱ्यांचे बसवून काढलेले फोटो, सगळं मी केलं. अकरा वर्षांचा असताना तू कोऱ्या काचांची पेटी भर उन्हात उघडून बघितली होतीस, आत चित्रं आहेत का म्हणून. बाबा मारतील म्हणून मी सांगितलं, मीच उघडली. फोटोवर खोटं नाव घालायची सवय तुला मीच लावली असं दिसतं.

बाबांना मी अंकाचं सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ दे गो.” कांदळवण्याच्या घरी ते दिवसभर ओटीवर बसतात, मी सकाळच्या एस.टी.ने इथे येते, संध्याकाळी परत जाऊन त्यांना जेवायला वाढते. मी जाऊ दे म्हणायचं ठरवलं तर या घरात दुसरं काही उरणारच नाही.

तुला आता पुस्तक काढायचं आहे आणि आणखी फोटो हवे आहेत म्हणतोस. तुझी चामडी कसली आहे रे?

बघते.

आनंदी

*

मालवण
२१ डिसेंबर १९५९

चि. हरिश्चंद्र यास अनेक आशीर्वाद.

मी विचार केला. रागाच्या भरात फार लिहून गेले. भाऊ एकच आहे. सोबत बारा फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह पाठवते आहे. पुस्तकात घाल.

यंदाच्या गावपळणीला तू एका संध्याकाळपुरता का होईना आलास, गावाला बरं वाटलं. लहानपणी तू दोनदाच होतास, नंतर मुंबईकर झालास. रवळनाथाने कौल दिला की तीन दिवस, तीन रात्री गाव सोडायचं, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी घेऊन खाडीपलीकडे झोपड्या बांधून राहायचं आणि मागे वळून हद्दीत पाऊल टाकायचं नाही, हे तुला पुस्तकात वाचल्यासारखं वाटत असेल. आम्हांला मात्र मजा येते. बायकांना तीन दिवस पाहुण्यांसारखं वाटतं. फुगड्या झाल्या, बाबांनी अंधारात आवाजावरून माणसं ओळखायचा खेळ केला.

तू मुंबईची घडीची खुर्ची टाकून बसला होतास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “आता गाव कसो दिसत असतलो गो बाय? एक फोटो गावलो तर!” देवाला कौल लावणारे भिकाजीकाका घाडी केवढे खवळले. “तसला मनात पण आणू नको!” गावातून सगळ्यांत शेवटी तेच बाहेर पडतात, देवाला गाऱ्हाणं घालून, त्यामुळे त्यांना ते लागलं. मग तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू कुणाला न सांगता मालवणच्या एस.टी.साठी निघून गेलास. लोक विचारत होते, हरिश्चंद्र खंय गेलो. मी म्हटलं, मला माहीत नाही. माझंही त्या सकाळी डोकं दुखत होतं, म्हणून मी खाडीच्या बाजूला फिरायला गेले होते.

बारा फोटोंत अकरा इकडचे तिकडचे आहेत. बारावा आपल्या कांदळवण्याच्या रवळनाथाच्या देवळाचा, सकाळचा. खांबांमधून ऊन तिरकं येतं आहे. माझ्या मते आजवरचा सगळ्यांत चांगला फोटो आहे. तुझ्या मते काय ते कळव.

तुझी बहीण
आनंदी

*

मालवण
८ ऑगस्ट १९६०

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

पावसामुळे टपाल रेंगाळलं, तुझी जूनची आणि जुलैची पत्रं एकदमच आली. पुस्तकाला प्रकाशक मिळाला हे वाचून आनंद झाला. खरंच झाला.

देवळाचा फोटो मुखपृष्ठावर घालायचं ठरलं ना? मला वाटलंच होतं. घंटेला पांढरं कापड कसलं म्हणून विचारतोस. बांधलं असेल कुणीतरी. प्रकाशकांना तेच आवडलं म्हणतोस ना, मग त्यात काय एवढं.

प्रस्तावनेचा कच्चा मजकूर पाठवलास तो वाचला. ‘या पुस्तकातील एकतीसही छायाचित्रे मी स्वतः, त्या त्या ठिकाणी पायी जाऊन काढली आहेत.’ हे वाक्य फार छान आहे. प्रकाशक म्हणाले तरी गाळू नकोस. उलट पहिल्या ओळीत घे.

एक सुचवू? मार्गशीर्षात जत्रेला ये. पहिली प्रत रवळनाथाच्या पायाशी ठेव, सगळ्या गावासमोर. बाबा आता देवळाची पायरी चढत नाहीत. जत्रेचा पहिला नारळ घ्यायचा आपल्या घराचा मान आहे, तो यंदा तू घे असं ते म्हणतात. तुला लहानपणापासून तो नारळ हवा होता. मला आठवतं, तू आईच्या नारळाच्या करवंट्या घेऊन तसाच चालायचास.

ये. नक्की ये.

आनंदी

*

मालवण, स्टुडिओ
१४ डिसेंबर १९६०

हरिश्चंद्र,

आता लपवायला काही राहिलं नाही, तेव्हा सरळ लिहिते. हे पत्र मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत लिहिते आहे. आता माझं घर हेच. तू परवाच्या गाडीने पळालास म्हणून तुला सगळं नीट कळलेलं नसेल.

हो, तो फोटो मी मुद्दाम काढला. गावपळणीच्या तिसऱ्या पहाटे तू निघालास ते मी जागीच होते, बघितलं. तेव्हाच ठरवलं. ओहोटी होती, गुडघाभर चिखलातून खाडी ओलांडली आणि हद्दीच्या आत गेले. तुला म्हणून सांगते, आयुष्यात तेवढी भीती मला कधी वाटली नाही. धूर नाही, कुत्रं नाही, कोंबडा नाही. माझ्याच पावलांचा आवाज माझ्यामागून यायचा. आपल्या घराच्या अंगणात उभी राहिले तर चोरासारखं वाटलं. दोन रोल काढले, घरांचे, आडांचे, रिकाम्या गोठ्यांचे. शेवटी देवळात गेले आणि घंटेला बांधलेलं कापड बघितलं.

तिथे मला समजलं. ते कापड भिकाजीकाका बांधतात, सगळा गाव बाहेर पडल्यावर, आणि गाव परत येण्याआधी सोडतात, म्हणजे मालक नसलेल्या गावात घंटा वाऱ्याने वाजू नये. ते कापड गावात दुसऱ्या कुणी कधी पाहिलेलं नाही. मी लहानपणी एकदा काकांच्याच तोंडून ऐकलं होतं. म्हणजे हा फोटो ओळखणारं माणूस एकच, आणि ते माणूस कौल लावणारं. मग तुझ्या वाक्याची वाट बघत बसले. ‘एकतीसही छायाचित्रे मी स्वतः’. तू ते पहिल्या ओळीत घेतलंस.

बाकीचं तुझ्यासमोरच झालं, पण तुझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही, म्हणून लिहून ठेवते.

काकांनी नारळ हातात धरला होता, तुला द्यायला. आधी पुस्तक बघायला मागितलं. चष्मा लावला. मुखपृष्ठाकडे इतका वेळ बघत राहिले की ढोलवाला थांबला.

“ह्यो फोटो कोणाचो?”

“माजोच, काका,” तू म्हणालास. छाती काढून. “सगळे माजे. आतमधी लिवलंय.”

“कधी काढलंस?”

“गेल्या वर्साक.”

काकांनी नारळ खाली ठेवला. “घंटेक ह्या कापड मी बांधतंय. गाव भायर गेल्यार बांधतंय आणि गाव येवच्या आधी सोडतंय. तू गावपळणीत आत गेललंस?”

मग मागून कुणीतरी म्हणालं, ह्येका फोटो होयो होतो, झोपड्यांत बोललेलो. दुसरा म्हणाला, तिसऱ्या दिसा फाटेकच गायब झाललो. मी खांबाला टेकून बसले होते, हरिश्चंद्रा. वर्षभर ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर होता. मला वाटलं होतं, तू खोट्याला चिकटून राहशील. फोटो माझा म्हणशील, नारळ जाईल, गाव तुला हद्दीबाहेर काढेल, आणि आपल्या नावासाठी काय मोजावं लागतं ते तुला कळेल.

तू माझ्याकडे बोट केलंस.

“फोटो माजो नाय. ह्या आनंदीन काढल्यान.”

आयुष्यात पहिल्यांदा तू माझं नाव माझ्या फोटोला लावलंस, आणि ते मला सुळावर चढवायला. असा संताप झाला की बसवेना. मी उठले.

“व्हय. माजो,” मी म्हणाले. “खरा बोलूक लागलंस ना, मगे सगळा बोल.” आणि काकांच्या हातातून पुस्तक घेऊन पहिलं पान उघडलं. “आरोंद्याची पाटी कोणी काढली?”

तू खाली ठेवलेल्या नारळाकडे बघितलंस.

“देवाच्या म्होरं आसंस तू. कोणी काढली?”

“तू,” तू म्हणालास.

“आणि किल्ल्याचो तट?”

“तू.”

कुणकेश्वर. तू. सावंतवाडीचा तलाव. तू. सातव्या-आठव्या पानाला मागच्या कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “व्हय म्हाराजा!”, गाऱ्हाण्याला म्हणतात तसं. मग दोघे म्हणाले, मग पाचजण, आणि शेवटी अख्खं देऊळ म्हणायला लागलं. एकतीस पानं, एकतीस वेळा ‘तू’, आणि प्रत्येकावर ‘व्हय म्हाराजा’. तुझा चेहरा बघून माझं पोट भरलं. हे मला देवाच्या दारात वाटलं, याची मला लाज नाही.

तू बाहेर गेलास त्यानंतर काकांनी पाषाणाला पाकळ्या लावल्या आणि कौल मागितला. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. पुढची गावपळण येईल तोवर मी कांदळवण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. त्या वेळी गाव बाहेर येईल तेव्हा गावात मिसळायचं, आणि गावाबरोबर आत जायचं. ती केव्हा, ते देवाला माहीत. तीन वर्षं, चार वर्षं. तुला शिक्षा नाही. नारळाचा मान तुझाच. आत गेलेली मी.

बाबांना शेजारच्या सुभद्राकाकी जेवण देतात. बाबांनी मालवणला यायला साफ नकार दिला, कुळाचा दिवा कोण लावील म्हणून.

म्हणजे तू नारळाचा मान घेऊन सुटलास, आणि मी बाहेर बसले आहे. पण हे इथे संपलं असं समजू नकोस.

आनंदी

*

मालवण
२ मार्च १९६१

हरिश्चंद्र,

सोबतचा फोटो नीट बघ. एका कागदाचा आहे. अक्षर भिकाजीकाकांचं.

तुमच्या प्रकाशकांना मी देवळातल्या प्रकाराबद्दल लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं, ‘गावातील वादात आम्हांस पडावयाचे नाही, लेखी पुरावा असल्यास पाठवावा.’ मी काकांना निरोप धाडला, देवासमोर जे ठरलं ते लिहून द्या. त्यांनी उलट निरोप पाठवला, गावची गोष्ट कागदावर उतरत नाही. मी हात टेकले होते.

मागच्या बाजाराच्या दिवशी काका स्वतः स्टुडिओत आले. बाकावर बसले. भिंतीवरचे नवरा-नवरींचे फोटो बघितले. पावसाचं बोलले, काजूच्या मोहोराचं बोलले. मी चहा केला. चहा पिऊन झाला तरी उठेनात.

“त्या दिसा,” शेवटी म्हणाले, “आत गेललंस तेवा... फकत देवळाचोच काढलंस?”

“नाय. घरांचे पण काढलंय.”

ते आपल्या टोपीकडे बघत बसले. “माज्या घराचो?”

हरिश्चंद्रा, मला आधी वाटलं, नव्या अपराधाची चौकशी आहे. मग त्यांचा चेहरा बघितला. पासष्ट वर्षांचा माणूस. जन्मभर सगळ्यांत शेवटी दार ओढून निघाला, आणि आपण नसताना आपलं घर कसं दिसतं हे त्याला कधी बघता आलं नाही. मी आतून प्रिंट आणला. त्यांनी तो खिडकीशी नेला. अंगण, ओटी, कुणी न बसलेला झोपाळा.

“आमी मेल्यार असाच दिसतला,” ते म्हणाले. आणि मग, “माका होयो ह्यो.”

मला दया आली का? आली. पण मी कागद आणि दौत पुढे केली.

“कागद देवा, फोटो घेवा.”

“देवाक काय सांगू मी?”

“देवाच्या म्होरंच बोललो ना तो? देवाक ठावक आसा. तुमी फकत उतरून घेतास.”

त्यांनी लिहिलं. दोनदा खोडलं, म्हणून मी तिसऱ्यांदा स्वच्छ लिहून घेतलं. ‘आनंदी गंगाराम गावकर हिने गावपळणीच्या दिवसांत हद्दीत जाऊन देवळाचे छायाचित्र काढले, म्हणून तिला गावाने बाहेर ठेवले. सदर पुस्तकातील बाकीची तीस छायाचित्रेही तिनेच काढली, असे तिचा भाऊ हरिश्चंद्र याने रवळनाथासमोर व गावासमोर एकेक पान पाहून कबूल केले.’ खाली सही, तारीख, आणि साक्षीला बाजारात आलेल्या चौघांच्या तीन सह्या आणि एक अंगठा. ते चौघेही आपापल्या घराचा फोटो घेऊन गेले. ज्यांनी मला बाहेर काढलं त्या गावाने आठवड्याभरात ते दोन रोल संपवले.

मूळ कागद रजिस्टरने प्रकाशकांकडे गेला आहे. एक नक्कल तुझ्या साप्ताहिकाच्या संपादकांना, ज्यांना अशा भगिनी विरळा वाटतात. ही तुला.

आनंदी

*

मालवण
१८ फेब्रुवारी १९६२

हरिश्चंद्र,

हे पत्र बाबलीच्या होडीतून पाठवते आहे. आता आपल्यात फक्त खाडी आहे.

साप्ताहिकाने तुला काढलं हे मला सुभद्राकाकींकडून कळलं. तू कांदळवण्याला येऊन राहिलास हेही. मान घेतलास तर घर उघडं ठेव, असं काकांनी तुला बजावलं म्हणे. चांगलं केलं त्यांनी. लोक म्हणतात, आनंदीने सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला. दिला. विचारणाऱ्याला मी तसंच सांगते.

तू चुली फुंकतोस हे ऐकून मी एकटीच मोठ्याने हसले. तेव्हा थोडं शिकवून ठेवते. बाबांना पहाटे खोकल्याची उबळ येते, उठून पाठ चोळायची, नुसतं पडल्या पडल्या ‘बाबा, पाणी’ म्हणायचं नाही. पेज गरम लागते आणि खाजगी कुरबुरी ऐकून घ्याव्या लागतात. त्यांची दाढी मंगळवारी आणि शनिवारी. न्हाव्याला बोलावू नकोस, त्यांना अनोळखी हात चालत नाही. हे सगळं मी नऊ वर्षं केलं आणि त्याच्याखाली कुणी माझं नाव छापलं नाही. तूही ती अपेक्षा ठेवू नकोस.

चौदा महिने मी बाबांना पाहिलेलं नाही. सूड ठरवताना मी हे धरलं नव्हतं. कधी कधी ओहोटीला खाडीपर्यंत जाते आणि आपल्या माडांकडे बघून परत येते. तुला हे सांगायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, राहू दे. म्हणून मी तुला माफ केलं असं मात्र समजू नकोस.

पुस्तक आलं. प्रकाशकांनी उरलेल्या प्रतींची पहिली पानं कापून नवी चिकटवली, प्रस्तावना काढून टाकली. देवळाचा फोटो मी वगळायला लावला, देवाशी माझं भांडण नाही. मुखपृष्ठावर आरोंद्याची पाटी आहे. पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, आणि त्याखाली एकाच ओळीत छायाचित्रकाराचं.

एक प्रत या पत्राबरोबर बाबलीच्या हाती देते आहे. ती बाबांसाठी आहे. त्यांना दिसत नाही, तेव्हा तू वाचून दाखव. पहिल्या पानापासून सुरुवात कर. आणि मोठ्याने वाच, अलीकडे त्यांना ऐकूही कमी येतं. एकदा वाचून त्यांना कळलं नाही, तर पुन्हा वाच.

आनंदी गंगाराम गावकर